दुसरी झोळी

मितू, कबीर,

गेल्या रविवारी मितू व्हिडिओ कॉलवर तिचा रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवत होती. पोटात बाळ आहे, रक्त थोडं कमी भरलंय, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. चष्मा काढायला मी कपाट उघडलं आणि तिला पडद्यावर खालचा कप्पा दिसला. "आजी, तुझ्या एवढ्या टापटिपीच्या कपाटात ते मळकं पोतं कशाला? टाकून दे ना." मी म्हटलं, "जुनं आहे, राहू दे." आणि दार लावून घेतलं.

चाळीसएक वर्षं मी हे दार असंच लावत आलेय. तुमच्या बाबालाही कधी सांगितलं नाही. आता तिकडे मितूच्या घरात बाळ येईल. जन्मल्या जन्मल्या त्याला स्वच्छ तबकात ठेवतील, आकडा लिहितील आणि तो आकडा मला कळवतील. मी "छान" म्हणेन. त्याआधी तुम्हाला हे ठाऊक हवं. मी क्रमाने लिहिते, मला दुसरं काही जमत नाही. वाचताना माझी बाजू घेऊ नका.

ते पोतं नाही. ती झोळी आहे. मुलं वजन करायची झोळी.

सत्तरचं दशक सरत होतं. मला नुकतीच मुख्यसेविकेची नोकरी लागली होती. गावोगावच्या अंगणवाड्या तपासायच्या, सेविकांना शिकवायचं, महिन्यातून एकदा मुलांची वजनं होतात की नाही ते उभं राहून बघायचं. माझे वडील इगतपुरीला रेल्वेच्या रुळांवर कामाला होते. त्यांनी मला तिथल्या मिशनच्या शाळेत घातलं, मग नाशिकला कॉलेजात. इंग्रजीतून पोषणशास्त्र शिकले. इस्त्रीची सुती साडी, कोपराला पिशवी, पिशवीत दोन पेनं, एक निळं, एक लाल. मला वाटायचं की आता आपल्याला कोण काय म्हणणार?

इगतपुरीच्या पुढे भातखाचरांच्या बाजूला एक गाव. नाव लिहीत नाही. अंगणवाडी भरायची सरपंचांच्या घरच्या ओट्यावर, कारण गावात दुसरी कोरडी जागा नव्हती आणि सेविका त्यांचीच सून होती. सुमन तिचं नाव. सातवी शिकलेली, बारीक, कामाची. पहिल्या वजनाच्या दिवशी मी पाळण्याच्या कडीला काटा टांगला. सरकारने दिलेली पांढऱ्या कापडाची झोळी त्याला अडकवली. चड्डीसारखी असते ती, पाय घालायला दोन भोकं. रिकामी झोळी लावली की वरचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा. मी तो आणला. सुमनला दाखवला. पहिलं मूल तिचंच. मी त्याला उचलून झोळीत बसवलं. गुबगुबीत पोरगा. हसला.

ओट्याच्या कोपऱ्यात सुमनची आजेसासू बसली होती. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, आडनाव काय म्हनलात?"

मी सांगितलं.

"कुठल्या?"

"इगतपुरीच्या. रेल्वे क्वार्टरमधल्या."

"रेल्वेत समदेच असत्यात. घर कोन?"

मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत."

आक्काने सूप बाजूला ठेवलं. अगदी शांतपणे. "सुमन, पोराला उतरव. न्हाऊ घाल. आन ती झोळी धुवून आन."

सुमनने मुलाला काढलं. झोळी हाताने काढली नाही. कोपऱ्यातली काठी घेतली, काठीच्या टोकाने कडीतून उचलली आणि तशीच लोंबकळत बादलीपर्यंत नेली. तीनदा बुचकळली. मी पेन उघडं धरून उभी. बाहेर धो धो पाऊस, झोळी वाळणार कशी? मग ती चुलीवर धरली. पाऊण तास. पाऊण तास मी त्या ओट्यावर उभी होते. बसा कुणी म्हटलं नाही आणि मीही बसले नाही. समोर आईच्या कडेवरची बारा-पंधरा मुलं माझ्याकडे बघत होती.

आक्का रागावली नव्हती. राग परवडला असता. ती मायेने बोलली. "वाईट वाटून नको घेऊ, बाई. तू शिकलेली हायेस. तू लांबून आकडा बघ, आन लिही. आकड्याला इटाळ नाय."

मी लांबून आकडा बघितला. लिहिला.

इथवरचं तुम्हाला कळेल, आणि तुम्ही चिडाल. पण मी हे पत्र आक्कासाठी लिहीत नाही. पुढचं वाचा.

गावातली मुलं झाली. खाली पायरीशी पावसात आणखी बायका उभ्या होत्या. खालच्या वस्तीतल्या. आमची काही घरं आणि ठाकर आदिवासींची काही घरं. डोक्यावर इरली, इरल्याच्या आत पोरं. सुमनने आक्काकडे बघितलं. आक्का म्हणाली, "त्यांची पोरं ह्या झोळीत नाय. घातली तर मंग फुडं आमची घालायची न्हाईत."

म्हणजे वजनंच बंद. म्हणजे माझ्या रजिस्टरात एका गावाचं पान कोरं. मला कोरं पान सहन होत नाही, अजूनही होत नाही. मी म्हटलं, "आपण त्यांच्यासाठी दुसरी झोळी करू."

ही सूचना माझी होती. आक्काची नव्हती, सुमनची नव्हती. मी सुचवली, आणि ओट्यावर सगळ्यांना केवढं हायसं वाटलं! आक्काने मला बसायला पाट दिला.

खताचं तागाचं पोतं फाडून झोळी शिवली. दाभणाने, दुहेरी सुतळीने. वर बैलाच्या दाव्याची लोखंडी कडी लावली. सुमनकडून पांढऱ्या झोळीवर शाईने 'एक' हा आकडा घालून घेतला, पोत्याच्या झोळीवर मी स्वतः 'दोन' घातला. नीट, ठळक. एक नंबरची झोळी सुमनच्या पेटीत राहायची, दोन नंबरची गोठ्यात खुंटीला. ओट्यावरची वजनं आटोपली की मदतनीस काटा काढून गोठ्यात न्यायची, आढ्याला टांगायची, दुसरी झोळी लावायची. मी गोठ्याच्या दारात उभी राहून आकडा बघायची आणि लिहायची. सुकडी, म्हणजे मुलांचा सरकारी पोषक खाऊ, वाटायची पद्धतही तशीच. ओट्यावर मुलांना ताटलीत. खाली बायकांच्या पदरात, वरून.

वर्ष गेलं. माझं काम चोख होतं. एकही पान कोरं नाही.

नाशिकला बैठक असायची. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी एकदा माझं रजिस्टर हातात धरून वर केलं. "सगळ्यांनी बघून घ्या. अक्षर बघा. ओळी बघा. सांगून खरं वाटेल का कुठल्या घरातून आल्यात या?" सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पुढे साहेब म्हणाले की या गावात तर खालच्या वस्तीतसुद्धा तिसऱ्या श्रेणीतलं एकही मूल नाही. तिसरी श्रेणी म्हणजे खूप खंगलेलं मूल, ज्याला दुप्पट सुकडी द्यायची आणि डॉक्टरला दाखवायचं. माझ्याकडे एकही नव्हतं.

मी हसले. हात जोडले. त्या हसण्याची चव अजून तोंडात आहे.

खालच्या वस्तीत तारा होती. आमच्यातलीच. विशीतली असेल, आवणीला, म्हणजे भातलावणीला जाणारी. पहिली मुलगी छबी, दोन वर्षांची. पोटात दुसरं. तारा मला बाई म्हणायची नाही, ताई म्हणायची. गोठ्यातल्या पहिल्याच वजनाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ताई, तुमी आमच्यातल्या ना? मंग वर कश्या बसता?"

बायका फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, "सरकारी काम आहे."

"हां," ती म्हणाली, "सरकार वरच बसतं."

तिच्या पापण्या मी खाली ओढून बघायची. आत लाल दिसायला हवं. ताराची पापणी धुतलेल्या तांदळासारखी. नखं पांढरी. घरी गेले तर चुलीशेजारच्या भिंतीला हाताएवढा खळगा. ती भिंत खात होती. अंगात रक्त नसलं की बाईला माती खावीशी वाटते, हे मी पुस्तकात इंग्रजीत वाचलं होतं. तिथे त्याला छान लॅटिन नाव होतं. भिंतीतला खळगा मी पहिल्यांदा बघितला. कडा चाटून गुळगुळीत झालेल्या.

मी लोहाच्या गोळ्या दिल्या. महिन्याने विचारलं, घेतल्यास का?

"मळमळतं, ताई. दोन घेतल्या, दोन्ही भाईर आल्या."

"उपाशीपोटी घेऊ नये. जेवल्यावर घे."

"जेवल्यावर म्हंजी कवा, ताई?"

मी तिच्याकडे चिडून बघितलं होतं, हे मला आठवतं. मला वाटलं की ही उलट बोलतेय. ती विचारत होती.

एक गोष्ट इथेच सांगते. सुमनच्या पापण्याही पांढऱ्याच होत्या. त्या घरात धान्याच्या कणग्या होत्या, दुभती जनावरं होती, आणि सून सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलेलं. मी तिलाही गोळ्या दिल्या. तिने त्या आक्काला विचारून घेतल्या. म्हणजे घेतल्या नाहीत.

त्या वर्षी पाऊस हटतच नव्हता. श्रावणातल्या वजनाला तारा छबीला घेऊन आली. पोरगी गप्प. मान खांद्यावर टाकलेली. तारा म्हणाली, "ताई, पोरगी लय हलकी झालीया. कडेवर हाय का नाय कळत नाय."

मदतनिसाने छबीला दोन नंबरच्या झोळीत घातलं. झोळी पावसाने गच्च, गोठ्याचं छप्पर गळत होतं. काटा थांबला. मी दारातून वाचला. सात किलो नऊशे. मी कार्ड उघडलं. उन्हाळ्यात सात किलो सातशे होती.

"वाढलंय की," मी म्हटलं. "दोनशे ग्रॅम वाढलंय."

"कुढं वाढलं?"

"हे बघ." मी तिला रेघ दाखवली. कार्डावर मी वजनांच्या टिंबांना जोडून रेघ काढायची, पट्टीने. रेघ वर जात होती.

ताराने रेघ बघितली. मग म्हणाली, "दुप्पट सुकडी द्या, ताई. लय नाय, म्हैनाभर."

"ती तिसऱ्या श्रेणीला असते. छबी दुसऱ्या श्रेणीत आहे. सुधारतेय."

"मी रोज उचलते तिला."

"कागद खोटं बोलत नाही, तारा."

"मंग माझी कंबर खोटं बोलती का?"

मागच्या बायका पुन्हा हसल्या. या वेळी माझ्यावर. मला राग आला. मी पुढचं नाव पुकारलं.

एवढंच घडलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. तिने मागितलं ते माझ्या हातात होतं. मी दिलं नाही, कारण आकडा नाही म्हणत होता.

पुढच्या आठवड्यात मी त्याच बाजूच्या दुसऱ्या गावात होते. परत येताना इगतपुरीच्या सरकारी दवाखान्यात कामासाठी थांबले, तर व्हरांड्यात तारा. छबीला तीन दिवस जुलाब. चालत आणली होती, पोटात सात महिन्यांचं घेऊन. नर्सने छबीला ताटलीच्या काट्यावर ठेवलं. सहा किलो आठशे.

मी नर्सला म्हटलं, "तुमचा काटा बिघडलाय." हो, हेच म्हटलं. "आठवड्यापूर्वी मी स्वतः सात किलो नऊशे लिहिलंय."

नर्स वयाने मोठी होती. तिने छबीच्या दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "जुलाबानं वजन जातं, बाई. पण हे हाड आठवड्यात नाही निघालं वर. हे बरेच महिने निघतंय. तुम्ही बघत होतात ना?"

छबी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

मी तिथेच होते. तारा रडली नाही. तिने कनवटीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं छबीचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाचा, ताई."

मी वाचलं नाही.

"वाचा की. काय लिवलंय?"

"सात किलो नऊशे."

"हां." तिने कार्ड परत घेतलं नाही. "कागदावर तरी माझी पोर जेवत व्हती."

त्याच दिवशी मी एसटीने गावात गेले. गोठ्यात कुणी नव्हतं. ओट्यावरून काटा आणला, आढ्याला टांगला. मग खुंटीवरची झोळी काढायला हात वर केला आणि हात थांबला. मितू, कबीर, हे लिहिताना मला माझी घाण वाटते, पण लिहायला हवं. नवी असताना आकडा घातला, त्यानंतर त्या झोळीला मी वर्षभरात एकदाही हात लावला नव्हता. तिला खताचा वास यायचा, मुताचा वास यायचा, ओली असली की हिरवट बुळबुळीत लागेल असं वाटायचं. माझी साडी इस्त्रीची. दर वजनाच्या सकाळी सुमन पांढरी झोळी लावायची आणि मी तिच्याकडून काटा शून्यावर आणून घ्यायची. मग काटा गोठ्यात जायचा, दुसरी झोळी लागायची. तेव्हा काटा पुन्हा शून्यावर आणायला हवा होता. हे मला माहीत होतं. मीच शिकवायची. पण त्यासाठी जवळ जायला लागलं असतं, ती झोळी हातात धरून सरळ करायला लागली असती. मी दारात उभी राहायची. लांबून आकडा बघायची.

आक्काने माझा विटाळ मानला. मी ताराच्या पोरीचा मानला. फरक एवढाच की आक्का ते तोंडावर बोलली.

मी झोळी काढली. काट्याला लावली. रिकामी. काटा खाली गेला, थरथरला आणि थांबला. एक किलोवर.

पाऊस थांबला होता. मी ती झोळी गोठ्याबाहेरच्या पाणी तापवायच्या चुलीवर धरली. माझ्या हाताने, पाऊण तास. पुन्हा लावली. सातशे ग्रॅम.

हिशेब साधा होता. त्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाच्या अंगावर मी वर्षभर सातशे ग्रॅम पोतं चढवून लिहिलं होतं, पावसाळ्यात किलोभर. ते पोतं तिथे का होतं? कारण ती मुलं ओट्यावरच्या झोळीत चालत नव्हती. विटाळाचं वजन मी मांस म्हणून लिहिलं होतं. म्हणून माझ्याकडे तिसऱ्या श्रेणीतलं मूल नव्हतं. म्हणून टाळ्या.

घरी येऊन मी वर्षभराची रजिस्टरं काढली. लाल पेन घेतलं. खालच्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाच्या प्रत्येक महिन्याच्या आकड्यातून वजा करत गेले. जुना आकडा खोडला नाही, वाचता येईल असा ठेवला, खाली खरा लिहिला आणि सही केली. एकेक मूल खाली घसरत गेलं. अर्ध्याहून जास्त तिसऱ्या श्रेणीत. छबी तर पहिल्या दिवसापासून तिसऱ्या श्रेणीत होती. वर्षभर ती दुप्पट सुकडी तिची होती.

पुढच्या वजनाच्या दिवशी मी एकच झोळी काढायला सांगितली. पांढरी. आणि पहिलं नाव खालच्या वस्तीतलं पुकारलं. ठाकराची एक पोरगी. तिची आई पायरीपाशीच थांबली. मी खाली उतरले, पोरीला उचललं, ओट्यावर आणलं.

"बाई," आक्का म्हणाली, "काय ठरलं व्हतं?"

"ते मी ठरवलं होतं. आता मोडतेय."

"तू लांबून—"

"आक्का, तुम्ही म्हणाला होतात की आकड्याला विटाळ नसतो. असतो. मी मोजलाय." मी पोत्याची झोळी काट्याला अडकवली. रिकामी. सगळ्यांना दिसेल अशी. "हे बघा. आत मूल नाही. तरी सातशे ग्रॅम. हे मी ताराच्या पोरीच्या नावावर लिहिलं. ती मेली."

मग आक्का उठली. "पोरं मरत्यात. आमची नाय मेली? त्याचं आमच्या ओट्यावर काय?" तिने सुमनच्या मुलाचा हात धरला. "चला. कुनी थांबायचं नाय."

गावातल्या बायका मुलं घेऊन उठल्या. एकही थांबली नाही. शिकलेली एक होती, तीही नाही. ओट्यावर मी, काटा, ठाकराची पोरगी आणि पायरीवर खालच्या वस्तीतल्या बायका. मी म्हटलं, वर या. त्या आल्या नाहीत. त्यांना उद्या त्याच शेतांत आवणी-कापणीला जायचं होतं. फक्त तारा आली. पोट घेऊन पायऱ्या चढली आणि मी बसायची त्या पाटावर बसली.

मी त्या पोरीचं वजन केलं. आकडा मोठ्याने वाचला. मग खाली उतरून एकेकीचं मूल उचलून आणलं. सगळ्यांची वजनं त्या ओट्यावर झाली.

तक्रार माझ्या आधी नाशिकला पोचली. साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझं रजिस्टर, लाल झालेलं.

"हे काय केलंत? मागचे आकडे वर, मोठ्या ऑफिसात गेलेत."

"आकडे वर गेलेत साहेब. मुलं खालीच आहेत."

"हे बघा, पुढचं नीट लिहा. मागचं राहू द्या. झोळी चुकीची होती, तांत्रिक चूक, विषय संपला. गावाची माफी मागा म्हणजे अंगणवाडी चालू होईल. तुम्ही शिकलेल्या आहात. असं गावात जातीचं विष कालवायचं नसतं."

त्यांना तो शब्द माझ्याकडे बघून सुचला. ओट्याकडे बघून नाही. वर्षभर काठीने उचललेली झोळी, पदरात वरून टाकलेली सुकडी, गोठ्यातली वजनं, तेव्हा विष नव्हतं. तेव्हा काम चोख होतं. मी मोठ्याने सांगितलं तेव्हा विष झालं.

त्यांनी माफीचा मजकूर लिहून ठेवला होता. चांगल्या मराठीत. मी वाचला. व्याकरणाची एक चूक होती, सवयीने सुधारली. मग कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं: झोळी मी सुचवली. काटा मी तपासला नाही. मूल माझ्या आकड्याने मेलं. याबद्दल जी शिक्षा असेल ती द्यावी. ओट्यावर मुलं नेल्याबद्दल मी माफी मागणार नाही. खाली सही, तारीख.

शिक्षा मिळाली नाही. ती दिली असती तर कारण लिहावं लागलं असतं. बदली मिळाली, पार सुरगाण्याच्या डोंगरात. नव्या बाईंना कोरं रजिस्टर दिलं.

निघायच्या आधी मी खालच्या वस्तीत गेले. ताराला मुलगी झाली होती, कमी दिवसांची. मी गोळ्या नेल्या होत्या, आणि शेंगदाणे, गूळ. तिने घेतलं. "बसा" म्हणाली नाही. चुलीशेजारचा खळगा आणखी मोठा झाला होता. मी म्हटलं, "तारा, चूक माझी होती." ती म्हणाली, "म्हाईत हाय." बस. तिने मला माफ केलं नाही आणि ते बरोबर होतं.

एसटीच्या फाट्यावर सुमन आली. धावत, पदर डोक्यावरून घसरलेला. कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात कोंबलं. "बाई, हे घेऊन जा. इथं राहिलं तर परत टांगतील." आणि मागे वळून न बघता गेली. दोन नंबरची झोळी. तिने ती हाताने आणली होती. काठीने नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी एकही वजन रिकामी झोळी आईला दाखवल्याशिवाय लिहिलं नाही. आधी काटा तिने बघायचा, मग मी. आई म्हणाली की पोर हलकी झाली, तर आधी काटा तपासायचा, आईला नाही. जिथे मुलाची आई चढू शकत नाही त्या ओट्यावर मी पुन्हा बसले नाही. कुठल्याच घरच्या नाही, आपल्या लोकांच्याही नाही. लोक मला हेकट म्हणत. म्हणू देत.

मितू, तुझ्या रिपोर्टातला आकडा मी वहीत लिहून ठेवलाय. गोळ्या जेवून घे. 'जेवल्यावर म्हणजे कधी' असं तुला विचारायला लागत नाही, ते कुणाच्या जिवावर, हे विसरू नकोस. आणि तुम्ही दोघेही तिकडे नोकरीत मोठमोठे तक्ते बघता, त्यांवर निर्णय घेता. कुणी तुमच्यापुढे वर जाणारी रेघ धरली, तर विचारा की झोळी कोणती होती. ती कुणी शिवली. काटा कुणी, किती लांबून बघितला.

मी गेल्यावर कपाट रिकामं कराल. साड्या द्या, पुस्तकं द्या. ही झोळी टाकायची नाही, धुवायची नाही, तिला कुठे काचेत मांडून ठेवायचीही नाही. हातात धरायची, वास घ्यायचा. ज्याला किळस येईल त्याने ती दोनदा धरायची.

खालचा कप्पा, डावी बाजू. आत छबीचं कार्ड आहे, प्लास्टिकच्या त्याच कागदात, पट्टीने काढलेली माझी रेघ अजून वर जाते. झोळीवरचा शाईचा 'दोन' हा आकडा वाचता येतो. मी आज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर झोळी पुन्हा ठेवून बघितली. कोरडी, रिकामी. सातशे ग्रॅम.